कापडाखालचा भाव

१

माणसाचं तोंड वाचावं तर रत्नमालानं. प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत तिला कळायचं, हा घेणार आहे की नुसतंच पेट्रोल जाळायला लावणार. नवऱ्याची बढती हुकली ते त्यानं सांगायच्या आधीच तिनं त्याच्या बूट काढण्यावरून ओळखलं होतं. बेचाळिशीची, ठेंगणी, आवाजाला खणखणीत. बीड बायपासला तिचं घर-जमिनीच्या व्यवहाराचं छोटंसं ऑफिस होतं आणि तिच्याशी भाव करायला भलेभले बिचकायचे.

दलाली तिच्या रक्तातच होती. वडील कारभारी पाचोडच्या बाजारातले गुरांचे दलाल. मुलगा नव्हता, म्हणून ते पोरीलाच खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. दोघांचे हात एका उपरण्याखाली जायचे. घेणारा समोरच्याची बोटं धरून आपला भाव सांगायचा, देणारा बोटं धरूनच तो वाढवायचा, आणि वर दोघांची तोंडं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असायची. बघणाऱ्याला काही कळत नसे. शेवटी एकानं दुसऱ्याचा सगळा पंजा गच्च दाबला की सौदा पक्का. रत्नमाला शाळेत पाढे शिकली, त्याआधी ही बोटं शिकली होती.

पोकर तिला फार उशिरा भेटलं, तेही मोबाइलवर. हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, आणि बाकी सगळा खेळ समोरच्याला फसवण्याचा. तिला तो पाहताक्षणी आवडला, पण मोबाइलला चेहरा नसतो ही एक खंत राहिली. पुढं सरकारनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि शहरातली खेळणारी मंडळी एकमेकांना हुडकत बंद खोल्यांमध्ये जमू लागली. तिथंही पैसे लावणं गुन्हाच होता. पण तिथं चेहरे होते, आणि रत्नमालाला तेवढं पुरेसं होतं. घरी तिनं "भिशी आहे" म्हणून सांगितलं आणि दर रविवारी दुपारी ती शहागंजात गोकुळशेठच्या दुकानावरच्या खोलीत जायला लागली.

गोकुळशेठचा धंदा गाद्यांचा. खाली दुकान, रविवारी बंद. वरच्या खोलीत कापसाचा वास, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना गाद्या उभ्या लावलेल्या. जमिनीवरही गाद्याच अंथरलेल्या, चपला जिन्यात काढून त्यांवरूनच टेबलापर्यंत जायचं. खाली फेरीवाल्यांचा एवढा कल्ला, पण दार लावलं की पाण्यात बुडी मारल्यासारखं सगळं गप्प व्हायचं. आपला आवाजही तोंडापासून हातभर जाऊन विरायचा. मधोमध टेबल, त्यावर जांभळी मखमल, कडा पार खालपर्यंत लोंबणाऱ्या. कुणी आलंच तर पत्ते आणि पैशांऐवजी लावायच्या चिप्स एका फटक्यात मांडीवर ओढून घ्यायच्या आणि वर उशांचे नमुने मांडायचे, अशी गोकुळशेठची योजना होती.

"ताई, पोलीस आला तरी गादी बघून जाईल," तो हसून म्हणायचा.

खेळणारे पाच. गोकुळशेठ, जेसीबीची यंत्रं भाड्यानं देणारा अजिनाथ, पार्लर चालवणारी सोनिया, ट्रॅक्टरच्या शोरूममधला सत्यम आणि रत्नमाला. सगळ्यांचे चेहरे तिनं एका महिन्यात पाठ करून टाकले होते.

२

फक्त अजिनाथ कधीकधी तिला चकवायचा. उन्हात काम करून त्याचा चेहरा मुरमासारखा झाला होता, आत काय चाललंय त्याचा पत्ता लागायचा नाही.

त्या दुपारी तो आणि ती असे दोघंच डावात उरले. अजिनाथनं आपल्या सगळ्या चिप्स पुढं सारल्या आणि मागं टेकून बसला. रत्नमालाच्या हातात बऱ्यापैकी पत्ते होते, पण बऱ्यापैकीच. ती त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. डावा हात मांडीवर, मखमलीच्या आत होता.

तो हात कुणीतरी धरला.

ती दचकली नाही. बाजारात वाढलेली बाई ती, वरच्या चेहऱ्याला खालच्या हाताची खबर लागू द्यायची नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्या हातानं तिची दोन बोटं धरली, आधी हलकेच, मग घट्ट. हुबेहूब बाजारातल्यासारखी. कातडी कोरडी आणि खरबरीत होती, दावं ओढून ओढून होते तशी.

दोन. म्हणजे जोडी. अजिनाथकडं नुसती जोडी आहे.

तिच्या डाव्या हाताला गोकुळशेठ बसला होता. तिला मनातून हसूच आलं. हा गादीवाला कधी बाजारात गेला होता आणि कुठं शिकला ही बोटं? आणि आपल्यावर एवढी मेहेरबानी कशाबद्दल? ते नंतर बघू. समजलं, एवढं सांगायला म्हणून तिनं तो पंजा दाबला आणि चिप्स पुढं सारल्या.

अजिनाथनं पत्ते उघडे केले. नुसती जोडीच होती.

"क्या बात है, दीदी!" सोनिया म्हणाली. "ये तो ब्लफ था, और आपने पकड लिया!"

रत्नमाला हसत गोकुळशेठकडं वळली. तो पुढच्या डावासाठी पत्त्यांचा दुसरा कॅट पिसत होता. दोन्ही हातांनी. मग तिला आठवलं, मघापासून त्या पत्त्यांची फरफर तिच्या कानाशी चालूच होती. बोटं धरली तेव्हाही ती थांबली नव्हती.

अजिनाथ उठला. हरल्यावर तो दोन शिव्या हासडायचा, आज काहीच बोलला नाही. मान खाली घालून तो दारापर्यंत गेला, कडी काढली आणि गेला. बाकीच्यांनी निघताना जिन्यात चपला बघितल्या तेव्हा त्याच्या तिथंच होत्या.

"दुसऱ्याच्या घालून गेला वाटतं," गोकुळशेठ म्हणाला. पण कुणाच्याच चपला कमी नव्हत्या.

३

पुढच्या रविवारी अजिनाथ आला नाही. फोन लागत नव्हता. "गावाकडं गेला असंल, पेरणीचे दिवस हायेत," असं म्हणून गोकुळशेठनं विषय संपवला.

रत्नमालानं आठवडाभर स्वतःची समजूत घातली होती. मनगटात नस दबली की बोटांना भलतंसलतं जाणवतं, तिच्या नणंदेला तसं झालं होतं. आणि लहानपणीची बोटं अंगात एवढी मुरली होती की नस दबली तर तेच जाणवणार, दुसरं काय? जोडी असणार हे तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं असेल, फक्त मनानं ते बोटांच्या भाषेत सांगितलं. हे उत्तर तिला पटलं. स्वतःच्या अकलेवर तिचा विश्वास दांडगा होता.

पण मुद्दाम म्हणून तिनं त्या दिवशीही डावा हात मखमलीखाली ठेवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग गोकुळशेठ चहा ठेवायला आतल्या बाजूला गेला, आणि डावात ती आणि सत्यम उरले. सत्यम गंगापूर तालुक्यातल्या जमीनजुमलेवाल्या घरातला, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, गोरटेला आणि बोलका पोरगा. चांगले पत्ते आले की त्याचे कान लाल व्हायचे. आज कान लाल नव्हते, पण त्यानं बोली मात्र मोठी लावली होती. रत्नमाला त्याच्याकडं बघत होती.

हात आला. डावीकडून, रिकाम्या खुर्चीच्या बाजूनं.

आतल्या बाजूला गोकुळशेठ कपबशा मांडत होता, ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं. सोनिया टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, दोन्ही हातांनी मोबाइल धरून. सत्यमचे दोन्ही हात पत्त्यांवर. त्या खरबरीत हातानं तिची फक्त करंगळी धरली, आणि मग नखानं तिच्या तळव्यावर एक ओरखडा काढला. दुखेल असा नाही. विचारल्यासारखा.

करंगळी म्हणजे सगळ्यात खालचा आकडा. पोराकडं काहीच नाही. ओरखड्याचा अर्थ तिला लागला नाही. आता इथं कुणी म्हणेल, तिनं हात झटकून उठायला पाहिजे होतं. पण कुणाच्या बापाला सापडत नाही असा फुकटचा दलाल आपल्याला सापडलाय, हा विचार तिच्या मनात भीतीच्या आधी आला. भीती नव्हती असं नाही. पण आपण भीतीला पुरून उरू, याची तिला खात्री होती.

तिनं पंजा दाबला.

सत्यमनं पत्ते उघडे टाकले. खरोखर काहीच नव्हतं. तो हसला, काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दिवा मालवावा तसं त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं मालवलं. रत्नमालानं आयुष्यात हजारो चेहरे वाचले होते, पण वाचण्यासारखं काहीच नाही असा चेहरा ती पहिल्यांदा बघत होती.

तो उठला. मोबाइल, गाडीची किल्ली, सगळं टेबलावर तसंच ठेवून दाराकडं निघाला.

"सत्यम? अरे चहा!" गोकुळशेठ ट्रे घेऊन येत म्हणाला.

रत्नमालानं खिडकीपुढची गादी सरकवून पडदा सारला. खाली भर उन्हात शहागंजचा बाजार तुडुंब भरलेला. सत्यम अनवाणी रस्त्यावर आला. डांबर चटचट पोळत असणार, पण तो पाय उचलत नव्हता. मान थोडी पुढं काढून, एका चालीत चालला होता. आणि त्याच्यापुढं दोन पावलांवर माणसं आपोआप बाजूला होत होती. एका कांदेवाल्यानं हातगाडी ओढून घेतली. एका बाईनं पोराला जवळ घेतलं. वाट कुणाला देतोय हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नसावं, कारण ज्याला वाट देत होते तिथं कुणीच नव्हतं.

४

मंगळवारी तिच्या ऑफिसात एक तरुण बाई आली. रात्रभर रडून डोळे सुजलेले, पण बोलणं ठाम.

"मी प्रेरणा. सत्यमची मिसेस. रत्नाताई तुम्हीच ना?"

"बस ना. काय झालं?"

"ते रविवारी तुमच्यासोबत प्लॉट बघायला जातात. सहा महिन्यांपासून. या रविवारी गेले ते आलेच नाहीत. कुठला प्लॉट बघायला नेलं होतं तुम्ही?"

तेव्हा रत्नमालाला कळलं की आपण भिशी सांगून यायचो तसा तो आपलं नाव सांगून येत होता. पोरीच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, तेच अवघड होतं. संशय असता तर तिला तोंड देता आलं असतं.

"या रविवारी तो माझ्याकडं आलाच नाही गं," ती म्हणाली.

"गाडी शहागंजात सापडली. पोलिसांनी तक्रार घेतलीय, पण तिथं कशाला गेले होते तेच कळंना. ताई, त्यांनी तुम्हाला काही सांगितलं असंल तर सांगा. काहीही असू द्या. मी रागवणार नाही."

खरं सांगायचं तर खोली सांगावी लागणार, खोली सांगितली की टेबल आलं, टेबल आलं की स्वतःचं नाव आलं. आणि एवढं करून पोलीस शोधणार काय? रत्नमालानं पोरीला पाणी दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाठवून दिलं. मग गोकुळशेठला फोन लावला.

"ताई, माझ्या दुकानात त्याचा मोबाइल पडलाय, माझी झोप उडालीय," तो कुजबुजत म्हणाला. "आणि ऐका. अजिनाथचा भाऊ आला व्हता. अजिनाथ गावाकडं न्हाय. कुठंच न्हाय."

फोन ठेवल्यावर तिनं आपला डावा हात टेबलावर उताणा ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. ओरखड्याची खूण नव्हती. पण ओरखडा कुठून कुठं गेला होता, ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

मग ती उठली, ऑफिसला कुलूप लावलं आणि गाडी पाचोडच्या रस्त्याला घातली.

५

कारभारी ओट्यावर बसून चिलीम साफ करत होते. गुडघे गेले म्हणून बाजार सुटला होता, बाकी म्हातारा ठणठणीत.

"मधीच कशी आलीस गं?"

"आलते इकडं कामाला." ती त्यांच्या शेजारी बसली. "आबा, एक इचारू का? करंगळी धरली आन् मंग तळव्यावर नखानं ओढलं, तर काय समजायचं?"

"तुला कुणी केलं?"

"एका गिऱ्हाइकानं. जुन्या वळणाचा हाय."

म्हाताऱ्यानं चिलीम खाली ठेवली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिचा हात त्याखाली घेतला. "दाव."

तिनं दावलं. करंगळी, मग ओरखडा. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली.

"ह्ये मोठे यापारी करायचे. उभ्या उभ्या नेतो, असं इचारायचे. उधारी न्हाय, दावं न्हाय, हाय तसं आत्ताच नेतो, चालतंय का? तू काय केलंस?"

"पंजा दाबला."

"मंग इकलंस की! ते बी करंगळीत? येवढ्या सस्तात?" त्यांना दलाल म्हणून खरोखरच वाईट वाटलं. "आन् जनावर कंचं व्हतं?"

"जनावर नव्हतं, आबा."

"असं कसं? हात कापडात घालायच्या आधी दोघं मालाकडं बघत्यात. बघितल्याबगर भाव व्हतच न्हाय. तू भाव करताना बघत कुणाकडं व्हतीस?"

ओट्यावर ऊन होतं, समोरच्या लिंबाखाली शेळ्या बसल्या होत्या, कुठंतरी गिरणीचा पट्टा फटफटत होता. ती अजिनाथकडं बघत होती. ती सत्यमकडं बघत होती. तो हात तिला पत्ते सांगत नव्हताच. तो तिला भाव विचारत होता.

"आबा," ती म्हणाली, "इकलेलं माघारी आणायचं असंल तर?"

"पैसं फेकून? न्हाय देत कुणी. शिवंच्या बाहेर गेलं की गेलं."

"काहीच उपाय न्हाय?"

म्हातारा हसला. "घेणाराच बुडाला तर व्हतंय. आपला नामदेव यापारी न्हाय का, घर-वावर सगळं लिलावात निघालं? त्याच्या दावणीची जनावरं मोकळीच सुटली. कुणी वळली न्हायती. जी जवळ व्हती ती आपल्या पायानं जुन्या घरी आली. बैल वाट इसरत नसतोय, बाई. लई लांब गेली ती मातर न्हाय आली."

उपरण्याखाली त्यांचा हात अजून तिच्या हातात होता. तो ऊबदार, ओळखीचा हात तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"रत्ना, कसला यवहार हाय ह्यो?"

"मी निस्तरते, आबा. तुमचीच पोरगी हाय मी."

"ते हायेच," म्हातारा म्हणाला, पण त्याची नजर तिच्या तोंडावरून हलली नाही.

६

रविवारी गोकुळशेठ खोली उघडायला तयार नव्हता. "ताई, मी टेबल इकून टाकतो. पत्त्याला हात लावणार न्हाय, पोरांची आण."

"आजच्या दिवस मांडा. मग जाळा हवं तर."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यानं मुकाट्यानं कुलूप काढलं. खेळाला तिसरं माणूस पाहिजे म्हणून सोनियालाही बोलावून घेतलं. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. "आज बाकी लोग नहीं आए?" एवढंच तिनं विचारलं.

दार बंद झालं आणि बाजाराचा कल्ला बुडाला. गोकुळशेठला रत्नमालानं समोर बसवलं, सोनियाच्या शेजारी. डावीकडची खुर्ची मोकळी ठेवली. पत्ते वाटले गेले. डावा हात तिनं मखमलीखाली सोडला आणि नजर आपल्या पत्त्यांवर गाडून ठेवली. वर बघायचं नाही. सोनिया बोलली तरी, गोकुळशेठ खोकला तरी.

"दीदी, आपकी बारी."

"हां."

डाव झाला. दुसरा झाला. खोलीत पत्त्यांचा आवाज तेवढा. मग डावीकडून कापसाचा दबका आवाज आला, बसताना गादी दबते तसा. गोकुळशेठनं त्या दिशेला पाहिलं असावं, कारण त्याचे पत्ते वाटणारे हात थांबले.

"वाटा, शेठ. थांबू नका," ती म्हणाली.

हात आला. या वेळी त्यानं तिची बोटं धरली नाहीत. नुसता तिच्या हाताखाली येऊन पडून राहिला. माल दाखव, मग बोलू, असा. त्याला घाई नव्हती. समोर दोन माणसं होती, आणि माणसाची मान कधीतरी वर होतेच.

रत्नमालानं मान वर केली. पण समोर नाही. डावीकडं वळून, त्या रिकाम्या खुर्चीकडं तिनं सरळ बघितलं.

खुर्ची रिकामीच होती. फक्त मखमलीची लोंबती कड तिथं सरळ खाली उतरत नव्हती. दोन गुडघ्यांवर पसरावी तशी ती वर आली होती, आणि मग उतरली होती. खुर्चीमागच्या उभ्या गादीला पाठीएवढा खळगा पडला होता. तो खळगा हळूहळू खोल होत होता, हळूहळू भरत होता. श्वास घेतल्यासारखा.

बाजारात माल कितीही अवघड असो, दलालानं बघून घ्यायचा असतो. तिनं वरपासून खालपर्यंत बघून घेतला. मग कापडाखाली तो खरबरीत हात आपणहून धरला आणि त्याची करंगळी चिमटीत पकडली.

हा घेणाराच विकायचाय. ज्या भावात पोरगा नेला, त्याच भावात. उभ्या उभ्या न्या.

हात गोठला. मग मागं ओढायला लागला. रत्नमालानं तो सोडला नाही. खुर्ची कुरकुरली, मखमल ताणली गेली, चिप्सची चवड कोसळून टेबलभर घरंगळली. सोनिया किंचाळली, पण त्या खोलीत किंचाळणंही हातभर जाऊन विरलं. आपला खांदा निखळतोय असं रत्नमालाला वाटलं, तरी तिची नजर खुर्चीवरून ढळली नाही. आता फक्त गिऱ्हाईक पाहिजे होतं. गिऱ्हाईक येईल का, याचा तिनं विचारच केला नव्हता. बाजार आहे म्हटल्यावर कुणीतरी असतंच, एवढ्या भरवशावर ती बसली होती.

आणि उजव्या बाजूनं दुसरा हात आला.

तो मोठा होता. किती मोठा हे तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. तिचा हात आणि तिनं धरलेला हात, दोन्ही मिळून त्याच्या तळव्यात मावले. त्यानं एकदाच, सावकाश, गच्च दाबलं.

खरबरीत हात लुळा पडला. तिच्या बोटांतून निसटून गेला. खुर्ची मागं सरकली.

तिघांनीही ते बघितलं, आणि नंतर तिघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलली नाहीत. जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर, टेबलापासून दारापर्यंत, एकामागून एक खळगे पडत गेले. पुढचे खोल, रांजणाच्या बुडासारखे, दोन हातांच्या अंतरावर. आणि त्यांच्यामागून माणसाच्या पावलाएवढे, घासटत जाणारे.

कडी आतून निघाली. क्षणभर शहागंजचा सगळा गलबला खोलीत शिरला. मग दार लागलं, आणि गाद्या सावकाश फुगून सरळ झाल्या.

७

सत्यम लासूर स्टेशनला सापडला. मोंढ्यात धान्याच्या पोत्यांशेजारी बसला होता, तळपाय सोलून निघालेले, अंगावर तेच कपडे. एका हमालानं ओळख विचारून घरी फोन केला. तो तिथं कसा आला, इतके दिवस कुठं होता, यातलं त्याला काही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मनावर ताण आला की होतं असं. अजिनाथचा मात्र पत्ता लागला नाही. त्याचा भाऊ अजून पोलीस चौकीत खेपा घालतो.

रत्नमाला सत्यमला बघायला त्याच्या घरी गेली. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला आपण केलेलं काम डोळ्यांनी बघायचं होतं. अजिनाथची टोचणी होती, ती जन्मभर राहणार हे तिनं धरून चाललं होतं. पण एक तरी माघारी आणला. तिच्या ओळखीत दुसऱ्या कुणाच्या बापाला हे जमलं नसतं.

सत्यम सोफ्यावर बसला होता. पायांना पट्ट्या, दाढी केलेली. तिला बघून तो ओळखीचं हसला, आणि त्याचे कान किंचित लाल झाले. ते लाल कान बघून रत्नमालाच्या जिवात जीव आला.

प्रेरणा तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "ताई, तुमचं नाव घेत घेत आले ते. रत्नाताईनं सोडवलं, रत्नाताईनं सोडवलं, एवढंच म्हणत होते हमालाला. काय ते मला माहीत नाही. पण तुमचे उपकार…" ती रडायला लागली. रत्नमालाच्या अंगावर ओणवी झाली तेव्हा तिचा पदर घसरून रत्नमालाच्या मांडीवर, तिच्या हातावर पडला.

"रडू नको, बाळा. आला ना घरी?" रत्नमाला तिच्याकडं मायेनं बघत म्हणाली.

पदराखाली कुणीतरी तिचा हात धरला.

पोरीनं आपला हात धरला असंच तिला आधी वाटलं. पण प्रेरणाचे दोन्ही हात डोळे पुसत होते, ते तिच्या समोर होते. पदराखालच्या तळव्यात रत्नमालाचा हात मनगटासकट मावला होता. त्या तळव्यानं हात आधी थोपटला, चांगला माल आणून देणाऱ्या दलालाला थोपटतात तसा. मग तिचं एक बोट धरलं. मग दुसरं. मग तिसरं. भाव चढत गेला. पोरीला किंमत चांगली येत होती.

रत्नमालानं झटकन नजर काढली. समोर सत्यम. तिथूनही काढली. भिंतीवर लग्नाचा फोटो, दोघांचे चेहरे. तिनं डोळे घट्ट मिटले.

हात थांबला. सोडून गेला नाही. दिवसभराची सवड काढून बाजारात आलेल्या मोठ्या व्यापाऱ्यासारखा, तिच्या हाताखाली निवांत पडून राहिला.

आत कपबशा वाजल्या. सत्यमची आई चहा घेऊन बाहेर आल्याची पावलं वाजली.

"बाई, चहा घ्या," म्हातारी अगदी जवळून म्हणाली.

रत्नमालानं डोळे उघडले नाहीत.

"ताई? काय होतंय? बरं वाटत नाही का?" प्रेरणाचा आवाज घाबरला होता. "ताई, इकडं बघा ना."

चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता, पाठ ताठ करून रत्नमाला बसून राहिली. कारभारी दलालाची पोर होती ती. बघू, म्हणाली मनाशी, आधी हात कोण काढून घेतं ते.